कॅन्सर संशोधनासाठी धर्मादाय ग्रँट आणि फेलोशिप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका संशोधन संस्थेच्या अनुदान कक्षात काम करतो. पीएचडीची मुलं, नुकतेच एमडी झालेले डॉक्टर आणि कधीकधी त्यांचे पालकही मेलवर, व्हॉट्सॲपवर किंवा कॅन्टीनमध्ये गाठून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. धर्मादाय ग्रँट म्हणजे काय? सरकारी ग्रँटपेक्षा ती वेगळी कशी?

सरकारी पैसा करातून येतो. धर्मादाय पैसा कुणाच्या तरी मृत्युपत्रातून, देणगीतून किंवा रस्त्यावरच्या दौडीतून जमतो. बऱ्याचदा त्यामागे घरातलं एखादं माणूस गेलेलं असतं. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजींनी १९३२ मध्ये त्यांच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि त्याच वर्षी ते स्वतःही गेले. ल्युकेमियावर काम करणाऱ्या जगभरच्या संशोधकांना हा ट्रस्ट आजही पैसे देतो. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये टाटांच्याच ट्रस्टच्या पैशातून उभं राहिलं, सरकारकडे ते नंतर गेलं.

अमेरिकेतली डेमन रनियन फाउंडेशनची गोष्टही अशीच. रनियन हा पत्रकार १९४६ मध्ये घशाच्या कॅन्सरने गेला आणि त्याच्या मित्राने रेडिओवरून लोकांकडे पैसे मागितले. ब्रिटनमधल्या वेलकम ट्रस्टचं मूळ हेन्री वेलकम या औषध उद्योजकाच्या मृत्युपत्रात आहे (१९३६).

व्यवहारात फरक असा की सरकारी योजनेत नियमाची चौकट मोठी असते, तर धर्मादाय संस्थेला आपला एक विशिष्ट हेतू असतो. ल्युकेमियासाठी ठेवलेला पैसा स्तनाच्या कॅन्सरला मिळत नाही, तुमचं काम कितीही चांगलं असो. म्हणून यादीतली रक्कम बघण्याआधी संस्थेचा हेतू वाचा.

२. आमच्या आईला कॅन्सर आहे. उपचाराला यातून पैसे मिळतील का?

नाही. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो, म्हणून इतक्या वर ठेवला आहे. इथल्या सगळ्या योजना संशोधकांसाठी आहेत. उपचारासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि रुग्णालयातला समाजसेवा विभाग हे रस्ते आहेत. इंडियन कॅन्सर सोसायटी आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या मुंबईतल्या जुन्या संस्था रुग्णांना मदत करतात. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला भेटताना रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्या.

३. ग्रँट, फेलोशिप आणि स्कॉलरशिप यांत फरक काय?

स्कॉलरशिप शिकण्यासाठी, फेलोशिप माणसासाठी आणि ग्रँट कामासाठी. फेलोशिपमध्ये तुमचा महिन्याचा पैसा येतो, सोबत प्रयोगांसाठी थोडी रक्कम. ग्रँटमध्ये रसायनं, उपकरणं, प्रोजेक्टवरच्या माणसांचा पगार असं सगळं येतं, पण पीआयला, म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य संशोधकाला, स्वतःचा पगार बहुतेक वेळा त्यातून घेता येत नाही. चौथा प्रकार आहे प्रवास-फेलोशिपचा. एखादं तंत्र शिकायला महिना-तीन महिने दुसऱ्या लॅबमध्ये जाण्यापुरता हा पैसा असतो. रक्कम छोटी म्हणून आपल्याकडे हा प्रकार कुणी फारसा मनावर घेत नाही. मला मात्र पहिल्या अर्जासाठी तोच सगळ्यात चांगला वाटतो.

नाव बघून फसू नका. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला मदत करतं, पण ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, म्हणजे परत फेडायची.

४. भारतात राहूनच काम करायचं आहे. कोणाकडे अर्ज करू?

पीएचडीनंतरच्या टप्प्यावर पहिलं नाव इंडिया अलायन्सचं. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये मिळून ती सुरू केली. कार्यालय हैदराबादला आहे. फेलोशिप फक्त कॅन्सरसाठी नाही, सगळ्या जैववैद्यकीय संशोधनासाठी आहे, पण कॅन्सरवाले त्यात सहज बसतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली : एकूण १,५०० कोटी, त्यात विभागाचे १,००० आणि वेलकमचे ५००. राष्ट्रीयत्वाची अट नाही, करिअर भारतात करायची तयारी हवी आणि होस्ट संस्था, म्हणजे जिथे बसून काम करणार ती, नफा न कमावणारी हवी. खासगी कॉर्पोरेट हॉस्पिटलमधले डॉक्टर नेमके इथेच अडखळतात. काही हॉस्पिटलांचा संशोधनासाठी वेगळा ट्रस्ट असतो. असेल तर अर्ज त्या ट्रस्टमार्फत जातो का, हे आधी विचारून घ्या.

लेडी टाटा ट्रस्टची भारतातल्या संशोधकांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. एडिनबरोची वर्ल्डवाइड कॅन्सर रिसर्च ही धर्मादाय संस्था देशाची अट न घालता प्रोजेक्टला पैसे देते. स्पर्धा मात्र जगभराशी असते.

५. सीएसआयआरची जेआरएफ चालू आहे. वर एखादी ट्रस्टची फेलोशिप घेतली तर चालेल?

दोन स्टायपेंड एकाच वेळी चालत नाहीत. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) महिना ३७,००० आणि एसआरएफ (सीनिअर) ४२,००० रुपये आहे, वर घरभाडं. हे घेत असताना दुसरीकडून महिन्याचे पैसे घेतले तर वसुली लागते, आणि ती बहुतेक थीसिस जमा करायच्या वेळी, नो-ड्यूज मागताना उघडी पडते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपनाही हेच लागू. प्रवास-फेलोशिप किंवा परिषदेचा खर्च सहसा चालतो, पण गाइड आणि संस्थेचं पत्र तारखेसकट आधी घ्या. मागाहून घेतलेल्या परवानगीवर ऑडिटर हमखास बोट ठेवतो.

६. बाहेर जायचं आहे. कुठल्या धर्मादाय फेलोशिप भारतीयांना खुल्या असतात?

डेमन रनियनची पोस्टडॉक फेलोशिप चार वर्षांची आहे. परदेशी उमेदवाराला ती मिळते, पण काम अमेरिकेतल्याच लॅबमध्ये करावं लागतं. म्हणजे आधी लॅब, मग अर्ज.

छोट्या मुक्कामासाठी यूआयसीसी बघा. जिनिव्हाची ही आंतरराष्ट्रीय कॅन्सर संघटना १९३३ पासून आहे. तिची यामागिवा-योशिदा फेलोशिप साधारण तीन महिन्यांची असते. यामागिवा या जपानी शास्त्रज्ञांनी १९१५ मध्ये सशांच्या कानाला महिनोन्‌महिने कोळशाचं डांबर चोळून कॅन्सर निर्माण करून दाखवला होता. एवढ्या चिकाटीच्या माणसाच्या नावाच्या फेलोशिपचा अर्ज दोन रात्रींत लिहू नये.

परतल्यावर काय, याचं उत्तर अर्जात द्यावंच लागतं. कॅन्सर संशोधक कमल रणदिवे यांचंच बघा. त्या पुण्याच्या. मुंबई विद्यापीठाची पीएचडी १९४९ ची. मग फेलोशिपवर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या लॅबमध्ये गेल्या. हीला पेशी (लॅबमध्ये अखंड वाढत राहणाऱ्या कॅन्सरच्या पेशी) वाढवणारे तेच गे. परत येऊन त्यांनी मुंबईत टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची लॅब उभी केली, देशातली पहिली. परीक्षकांना तुमच्याकडून असं काहीतरी ऐकायचं असतं : शिकलेलं तंत्र कुठल्या खोलीत, कुठल्या उपकरणावर, कुणाला शिकवणार.

७. मी एमडी आहे, पीएचडी नाही. माझा अर्ज कुणी बघेल का?

बघतील. इंडिया अलायन्सचा क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्याचा वेगळा गट आहे, तिथे पीएचडी लागत नाही. अमेरिकन कर्करोगतज्ज्ञांच्या आस्कोचं कॉन्कर कॅन्सर हे फाउंडेशन कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या तरुण कर्करोगतज्ज्ञांना आयडिया पुरस्कार देतं. डॉक्टरांच्या अर्जातली खरी कमतरता वेळेची असते. ओपीडी, वॉर्ड, टीचिंग सांभाळून आठवड्याचे किती तास संशोधनाला देणार, हे विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र सांगतं. ‘पूर्ण सहकार्य केले जाईल’ या वाक्याला काही किंमत नाही. ‘मंगळवार आणि गुरुवार ओपीडीतून मुक्त’ असं लिहून आणा.

८. परदेशी संस्थेने ग्रँट मंजूर केली, पण आमचं अकाउंट्स म्हणतं पैसे घेता येणार नाहीत. असं कसं?

एफसीआरए, म्हणजे परकीय योगदान नियमन कायदा, २०१०. संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी ग्रँट संस्थेच्या खात्यात घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर तीन गोष्टी घट्ट झाल्या. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. या तिसऱ्या अटीने बरेच संयुक्त प्रकल्प मोडले. पूर्वी एक मोठी संस्था पैसा घेऊन तीन छोट्या रुग्णालयांना वाटायची, आता प्रत्येकाने आपापली नोंदणी दाखवायची.

कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगचं ऑडिट सक्तीचं असलेल्या संस्थांना यातून सूट आहे. तुमची संस्था त्यात बसते का, हे अर्ज करण्यापूर्वी अकाउंट्सकडून लेखी घ्या. नोंदणी पाच वर्षांची असते. तिची मुदत तुमच्या ग्रँटच्या मध्येच संपते का, तेही बघा.

पैशांखेरीज आणखी एक परवानगी : परदेशी सहभाग असलेल्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मान्यता लागते. तिचं काम आयसीएमआरमधून चालतं. नमुने बाहेर पाठवायचे असतील तर त्यांच्या देवाणघेवाणीचा करार वेगळा करावा लागतो.

९. अर्जातला ‘सामान्य माणसासाठी सारांश’ कसा लिहायचा?

सरकारी अर्जात हा रकाना उरकला तरी निभावतं. धर्मादाय संस्थेत नाही. तिथल्या समितीवर कधीकधी कॅन्सरमधून बरे झालेले लोक आणि देणगीदार बसतात आणि त्यांच्या हातात तुमचा तेवढाच परिच्छेद असतो.

एका मुलीने आणलेला पहिला खर्डा असा होता : ‘ओरल स्क्वॅमस सेल कार्सिनोमामधील औषधप्रतिरोधाशी निगडित सिग्नलिंग मार्गांचे ट्रान्स्क्रिप्टोमिक प्रोफायलिंग.’ तिला म्हटलं, हे तुझ्या मावशीला फोनवर सांग. तिने सांगितलं ते असं : ‘तोंडाच्या कॅन्सरचं एक औषध सुरुवातीला छान लागू पडतं, मग काही पेशंटमध्ये चालेनासं होतं. गाठीतल्या काही पेशी त्याला चुकवायला शिकतात. त्या कुठल्या आणि कशा शिकतात, ते मी बघणार आहे.’ हेच इंग्रजीत उतरवलं. आधी मराठीत बोलून घेतलं की इंग्रजी आपोआप सुटसुटीत होतं, असा माझा अनुभव आहे.

‘कॅन्सरवर इलाज सापडेल’ असं मात्र लिहू नका. पेशंटांनी ते वाक्य फार वेळा ऐकलेलं असतं.

१०. बजेटमध्ये ओव्हरहेड किती लावू?

ओव्हरहेड म्हणजे वीज, इमारत, ऑफिस अशा संस्थेच्या सामाईक खर्चाचा वाटा. बऱ्याच धर्मादाय संस्था तो शून्य देतात. देणगीदाराने दिलेला पैसा वीजबिलात जाऊ नये, ही त्यामागची भूमिका. संस्थाचालकांना ही गोष्ट पचत नाही आणि त्यांचंही अगदीच चूक नाही. उणे ८० चा फ्रीझर रात्रंदिवस चालतो, त्याची वीज कुणीतरी भरतंच. उपाय एवढाच की जे थेट प्रयोगाला लागतं ते थेट हेडखाली दाखवा : द्रव नायट्रोजन, सीक्वेन्सिंगचे दर, प्राणिगृहाचे दिवसाचे पैसे. ‘इतर’ या हेडखाली मोठा आकडा टाकला की परीक्षक तिथेच कात्री लावतो. एफसीआरएची २० टक्क्यांची मर्यादा (प्रश्न ८) याहून वेगळी आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

११. डेडलाइन ‘सायंकाळी ५’ लिहिली आहे. आपल्याकडे किती वाजता?

यावर माझा हात पोळलेला आहे. लंडनचे पाच म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेदहा. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात, मग तेच साडेनऊ होतात. एका वर्षी मी पक्षाघात झाल्यासारखा स्क्रीनसमोर बसून राहिलो होतो : नऊ पस्तीसला पोर्टल बंद, आणि अर्जदार शेजारी चहाचा कप हातात धरून ‘सर, अजून तास आहे ना?’ म्हणतोय. चूक माझी होती. तेव्हापासून आमच्याकडे अंतर्गत डेडलाइन तीन कामाचे दिवस आधीची असते. संचालकांची सही त्या तीन दिवसांतच मिळवायची. शेवटच्या दिवशी ते हमखास दिल्लीला असतात.

१२. ‘पीएचडीनंतर इतकी वर्षं’ कुठून मोजतात? मध्ये बाळंतपणाची रजा झाली तर?

कुणी वायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) तारखेपासून मोजतं, कुणी पदवी प्रमाणपत्राच्या. आपल्या विद्यापीठांत या दोन्हींमध्ये अनेक महिने जाऊ शकतात, आणि या हिशेबातच एखादा पात्र ठरतो किंवा बाद होतो. विद्यापीठाचं नोटिफिकेशन जपून ठेवा. बाळंतपण, आजारपण, घरच्यांची शुश्रूषा यासाठीची सूट बहुतेक मोठ्या संस्था देतात, पण ती मागावी लागते. मुली हा रकाना संकोचाने रिकामा सोडतात. सोडू नका, दोन ओळींत तारखा लिहा.

१३. फेलोशिपवर टॅक्स लागतो का?

शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेल्या शिष्यवृत्तीला १९६१ च्या कायद्यातल्या कलम १०(१६) ने सूट दिली होती. पीएचडीचे स्टायपेंड त्यात बसवले जातात. पोस्टडॉकचं तसं नाही. नेमणुकीचं पत्र, रजा, पीएफ असेल तर तो पगारच, टॅक्स लागतो. २०२५ चा नवा आयकर कायदा आला तशी कलमांची मांडणी बदलली, त्यामुळे सीएशी जुन्या क्रमांकावरून वाद घालू नका. मंजुरीपत्रातले शब्द दाखवा.

१४. ‘तुमची निवड झाली, प्रोसेसिंग फी भरा’ असा मेल आला आहे. भरू का?

भरू नका. न केलेल्या अर्जावर निवड होत नाही, आणि पैसे देणारी संस्था आधी पैसे मागत नाही. अपवाद एक : यूआयसीसी किंवा आस्कोसारख्या संघटनांच्या काही योजनांना तुम्ही किंवा तुमची संस्था सभासद असणं लागतं आणि सभासदत्वाची वर्गणी असते. ती त्यांच्या वेबसाइटवर उघड लिहिलेली असते, मेलमधल्या खात्यावर भरायची नसते. तरी शंका वाटली तर एकच प्रश्न विचारा : तुमचे अर्ज तज्ज्ञांकडून कसे तपासले जातात? खऱ्या संस्थेकडे त्याचं लांबलचक उत्तर तयार असतं.

१५. तंबाखू कंपनीशी संबंधित फाउंडेशन चांगले पैसे देते आहे. काम चांगलं असेल तर पैसा कुठूनही येईना का?

फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने २०१७ मध्ये धूरमुक्त जगाच्या नावाने एका फाउंडेशनला वर्षाला सुमारे ८ कोटी डॉलर, असे बारा वर्षं द्यायचं जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटनेने लगेच सांगितलं की आम्ही त्यांच्यासोबत काम करणार नाही. २०२४ मध्ये त्या संस्थेने नाव बदललं, म्हणून जुन्या नावाने शोधलं तर सगळं सापडणार नाही. कॅन्सर रिसर्च यूकेची तंबाखू उद्योगाच्या पैशाबाबत लेखी संहिता आहे. आज घेतलेला असा पैसा उद्या दुसऱ्या अर्जात जाहीर करावा लागतो आणि तिथे दार बंद होतं.

हे झालं व्यावहारिक उत्तर. माझं स्वतःचं मत विचाराल तर, ज्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही टपरीवर पुडी मिळते, तिथल्या तोंडाच्या कॅन्सरवर त्या पैशातून काम करू नये.

१६. गावात जाऊन तपासणीचा अभ्यास करायचा आहे. धर्मादाय पैसा अशा कामाला मिळतो?

मिळतो, आणि सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच मराठवाड्यात आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ४९७ गावांतल्या १,३१,७४६ बायकांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी अभ्यास झाला. वय ३० ते ५९. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. पैसा गेट्स फाउंडेशनचा. गावांचे चार गट केले : एकात एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) चाचणी, दुसऱ्यात पॅप, म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी, चौथ्यात नेहमीची सेवा. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले होते.

आता दुसरी बाजू. ‘नेहमीची सेवा’ म्हणजे त्या गावांत प्रत्यक्षात काहीच तपासणी नाही. जी पद्धत उपयोगी आहे असं बाहेरच्या जगाला माहीत होतं, ती त्या बायकांना का दिली नाही, यावर पुढे तीव्र वाद झाला. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं होतं की जिल्ह्यात तशीही कुठली सोय नव्हती आणि पुरावा नसता तर सरकार हललं नसतं. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणूनच अर्जदाराला सांगतो की तुलनेच्या गटाला काय मिळणार, हे पहिल्या पानावर लिहा. २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधला एचपीव्ही लशीचा प्रकल्प थांबवावा लागला, तिथेही पैसा धर्मादायच होता आणि मुख्य आक्षेपांपैकी एक संमतीचा होता. काही ठिकाणी मुलींच्या वतीने वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या.

एथिक्स कमिटीची मान्यता आणि उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी, ही दोन्ही पहिला रुग्ण घेण्याआधी हवीत. संमतीपत्र मराठीत लिहा, आणि ते एखाद्या आशाताईंना मोठ्याने वाचायला द्या. त्या जिथे अडतील ते वाक्य बदला.

१७. अर्ज नाकारला. पुन्हा तोच पाठवू का?

परीक्षकांचे शेरे मागा, आठ दिवस बाजूला ठेवा, मग वाचा. काही संस्था पुन्हा अर्ज करू देतात पण काय बदललं ते विचारतात, काही एकदाच घेतात. शेरा ‘प्राथमिक निष्कर्ष अपुरे’ असा असेल तर आधी प्रवास-फेलोशिप (प्रश्न ३) घेऊन तेवढं काम करून या.

१८. ग्रँट चालू असताना मी संस्था बदलली तर पैसे आणि मशीन कुणाचं?

फेलोशिप सहसा माणसाबरोबर जाते, दोन्ही संस्थांची पत्रं आणि देणाऱ्याची लेखी मान्यता असेल तर. ग्रँट संस्थेच्या नावावर असते, ती हलवणं अवघड. परदेशी पैसा असेल तर प्रश्न ८ मधल्या तिसऱ्या अटीमुळे जुनी संस्था उरलेली रक्कम नव्या संस्थेला पाठवूच शकत नाही. ती देणाऱ्याला परत करायची आणि त्याने नव्या संस्थेला नव्याने द्यायची. यात सहा महिने जातात असं धरून चला. मशीनवर जुन्या संस्थेचा स्टॉक रजिस्टरचा नंबर रंगवलेला असतो, ते तिथेच राहतं. राजीनामा देण्याआधी युटिलायझेशन सर्टिफिकेटवर (पैसे कशावर खर्च झाले त्याच्या दाखल्यावर) सही घ्या. नंतर त्याच अकाउंटंटच्या टेबलासमोर तुम्हाला बाहेरचा माणूस म्हणून गेटपास काढून बसावं लागतं.